थोरल्या मोटारीचा अस्त

एखाद्या राष्ट्राची अभिरुचि तपासावयाची झाल्यास टीकाकार त्या राष्ट्राचें काव्य पाहतो, चित्रें पाहतो, मंदिरें व राजवाडे पाहतो. अमेरिकेच्या बाबतींत मात्र एवढ्यावर भागत नाहीं. त्या देशाच्या विसाव्या शतकांतील आकांक्षांचा, कल्पकतेचा आणि ऐटीचाहि ठसा ज्या एका वस्तूवर सर्वांत स्पष्ट उमटला, ती वस्तु म्हणजे मोटार. आणि मोटारींतहि कॅडिलॅक, लिंकन, पॅकार्ड, इम्पीरियल या नांवांनीं ओळखली जाणारी, चार दारांची, लांबरुंद, मऊ आसनांची थोरली मोटार. ही जात आतां जवळजवळ नामशेष झाली आहे. लिंकननें अमेरिकेंतील आपली शेवटची सेडान २०२० सालीं बंद केली. कॅडिलॅकची सीटी-६ ही मोठी सेडान त्याच वर्षीं तेथील बाजारांतून गेली. क्रायस्लरची ३०० ही गाडी २०२३ सालीं संपली. या ऱ्हासाचें कारण काय, आणि ही वस्तु गेल्यानें खरोखरच कांहीं गमावलें आहे काय, या दोन प्रश्नांचा विचार येथें करण्याचा आमचा मानस आहे.

विषय आमच्या वाचकांस अगदींच परका वाटण्याचें कारण नाहीं. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईंत मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला व तो १९५४ पर्यंत चालला. शेठ वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत डॉज, प्लिमथ, डिसोटो या क्रायस्लरच्या गाड्या तयार होत. आणि टॅक्सीचें भाडें भरून कां होईना, मुंबईकरांची एक पिढी असल्या ऐसपैस गाड्यांतून हिंडली आहे. त्या गाड्या म्हणजे आम्ही जिच्याविषयीं लिहीत आहों तिच्या धाकट्या बहिणी. थोरलीचें दर्शन बहुतेकांस घडलें तें चित्रपटाच्या पडद्यावर.

या अस्ताविषयीं रूढ समजूत अशी आहे कीं, १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें, पेट्रोल महाग झालें, जपानी व जर्मन गाड्या पुढें सरसावल्या, आणि हवामान पालटतांच एखादा अजस्र प्राणी मरावा त्याप्रमाणें ही अवजड मोटार मेली. उपमा सुटसुटीत आहे, परंतु घडलेल्या गोष्टींशीं ती जुळत नाहीं. आमचें मत असें आहे कीं, या मोटारीवर बाहेरून आघात झाले हें खरें असलें, तरी तिचा प्राण गेला तो तिच्या निर्मात्यांनींच तिचा स्वधर्म सोडल्यामुळें. त्यांनीं प्रथम तिचें नांव स्वस्तांत विकलें, मग दुसऱ्याच्या गुणांची नक्कल केली, आणि शेवटीं तिच्यावरील श्रद्धाच सोडली. हें मत आम्हांस कां मान्य करावें लागतें तें आतां सांगतों.

कोणत्याहि कृतीचें परीक्षण तिच्या स्वतःच्या हेतूवरून करावें, हा टीकाशास्त्रांतील जुना नियम आहे. महाकाव्यांत भावगीताची चपळता नाहीं म्हणून त्यास नांवें ठेवणारा टीकाकार महाकाव्यावर नव्हे, तर स्वतःच्या समजशक्तीवर टीका करीत असतो. मोटारीसहि हाच न्याय लावला पाहिजे. जर्मन गाडीचा हेतु चालविणाराचा आनंद हा आहे. रस्त्याचें प्रत्येक वळण, प्रत्येक चढउतार त्याच्या हातांस कळावा अशी तिची रचना असते. थोरल्या अमेरिकन मोटारीचा हेतु याच्या नेमका उलट. आंत बसलेल्या माणसाचे श्रम वाचावे, त्यास धक्का जाणवूं नये, खालीं रस्ता आहे याचाहि त्याला विसर पडावा, यासाठीं तिचा सारा खटाटोप. शेंकडों मैल सरळ धांवणाऱ्या रस्त्यांच्या देशांत असा हेतु उत्पन्न व्हावा हें स्वाभाविकच होतें.

या जातीच्या गाड्यांनीं जगास दिलेल्या सुधारणा क्रमानें पाहिल्या म्हणजे हा हेतु किती एकनिष्ठपणें सांभाळला गेला तें दिसून येतें. कॅडिलॅकनें १९१२ च्या गाड्यांत विजेचा स्टार्टर बसविला. तोंपर्यंत पुढें उभें राहून लोखंडी हँडल फिरवावें लागे. तें उलटून हात मोडणें ही नित्याची गोष्ट होती. तो त्रास गेला, आणि स्त्रियांस कोणाच्या मदतीवांचून मोटार चालू करतां येऊं लागली. पॅकार्डनें १९४० च्या गाड्यांत हवा थंड करण्याचें यंत्र देऊं केलें. पुढच्याच वर्षीं कॅडिलॅकमध्यें आपोआप गिअर बदलणारी योजना मिळूं लागली. क्लच दाबण्याचे कष्ट संपले. १९५१ सालीं क्रायस्लरच्या इम्पीरियलनें सुकाणूचक्र फिरविण्याचें काम यंत्रावर सोपविलें. या चारहि गोष्टी आज लहानांतल्या लहान गाडींतहि आढळतात, आणि त्या मुळांत कोणाच्या दारीं जन्मल्या याची कोणास आठवण नसते. जी वस्तु आपल्या गुणांचें एवढें दान करून गेली, तिला केवळ एक चमकदार उधळपट्टी ठरवून मोकळें होणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

तिची मूळ कीर्तीहि आकाराची नव्हती. कॅडिलॅकचे संस्थापक हेन्री लेलँड हे नेमकेपणाचे भोक्ते यंत्रशास्त्रज्ञ होते. १९०८ सालीं लंडनच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखालीं तीन कॅडिलॅक गाड्या पूर्णपणें सुट्या करण्यांत आल्या, त्यांचे भाग एकमेकांत मिसळण्यांत आले, आणि त्या ढिगांतून पुन्हां तीन गाड्या उभ्या करून ब्रुकलंड्सच्या धांवपट्टीवर पांचशें मैल पळविण्यांत आल्या. भाग कानशीनें घासून एकमेकांस जुळविण्याच्या त्या काळांत हा चमत्कारच होता, आणि त्याबद्दल कॅडिलॅकला ड्यूअर चषक मिळाला. ध्यानांत घेण्याची गोष्ट ही कीं, त्या गाड्या लहान, एका सिलिंडरच्या होत्या. मोठेपण आलें तें मागाहून. आधीं आला तो चोखपणा. याच लेलँडनीं पुढें १९१७ सालीं लिंकन कंपनी काढली व ती १९२२ मध्यें फोर्डच्या हातीं गेली. म्हणजे या दोन्ही घराण्यांचा मूळपुरुष एकच, आणि त्याचा वारसा चोखपणाचा.

या मोटारीस एक सामाजिक अर्थहि होता, आणि तो आम्हांस तिच्या यंत्राहून महत्त्वाचा वाटतो. युरोपांत उंची गाडी ही उमरावाची वस्तु होती. ती ज्याला मिळायची त्यालाच मिळायची. अमेरिकेंत जनरल मोटर्सचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनीं शिडी बांधली. शेव्हरोले, पाँटिअॅक, ओल्ड्समोबील, ब्यूइक आणि सर्वांत वर कॅडिलॅक. पहिल्या पायरीवरील कारकुनास शेवटची पायरी दिसत असे आणि आयुष्यभर कष्ट केल्यास ती चढतां येईल असा भरंवसा वाटे. थोरली मोटार महाग होती, परंतु अप्राप्य नव्हती. तीच गाडी डॉक्टराच्या दारांत, तीच दुकानदाराच्या, तीच राष्ट्राध्यक्षांच्या मिरवणुकींत. कृष्णवर्णीय अमेरिकनांस तर तिचा अर्थ अधिकच सखोल होता. ज्यांस चांगल्या वस्तींत घर मिळत नसे, चांगल्या हॉटेलांत खोली मिळत नसे, त्यांना कॅडिलॅक मात्र पैसे मोजून घेतां येत होती. आमचे लोक कॅडिलॅक कां घेतात, या प्रश्नावर एबनी या त्यांच्या मासिकानें १९४९ सालीं संपादकीय लिहिलें, आणि त्या खरेदींत बरोबरीच्या हक्काची घोषणा आहे असें प्रतिपादिलें. जिच्यावर एवढा अर्थ लादतां येतो ती वस्तु केवळ चैनीची म्हणतां येत नाहीं.

एवढें श्रेय दिल्यावर दोषांकडे डोळेझांक करणें योग्य होणार नाहीं. ऐटीला एकदां भरती आली म्हणजे ती मर्यादा ओळखत नाहीं. १९४८ च्या कॅडिलॅकला हार्ले अर्ल यांच्या कलागृहानें, लढाऊ विमानावरून स्फूर्ति घेऊन, मागें दोन लहान कल्ले दिले. त्यांत खरोखरच डौल होता. परंतु दर वर्षीं कांहींतरी नवें दाखविलेंच पाहिजे, या व्यापारी नियमामुळें ते कल्ले वाढत वाढत १९५९ मध्यें इतके उंच झाले कीं, गाडीला कल्ले आहेत कीं कल्ल्यांना गाडी आहे, असा प्रश्न पडावा. रेमंड लोई या नामांकित रचनाकारानें १९५५ सालींच या भडक अलंकारांवर कडक टीका केली होती. आणि १९६५ सालीं राल्फ नेडर यांनीं आपल्या ग्रंथांत या अणकुचीदार कल्ल्यांमुळें झालेल्या इजांची उदाहरणें मांडलीं. पेट्रोलच्या उधळपट्टीविषयीं तर बोलावयासच नको. १९७६ च्या कॅडिलॅकचें इंजिन ८.२ लिटरचें होतें आणि गाडीची लांबी सुमारें १९ फूट होती. एका माणसाला कचेरींत नेऊन सोडण्यासाठीं एवढा लवाजमा, हें कोणत्याहि दृष्टीनें समर्थनीय नव्हे.

तथापि दोष असणें म्हणजे मरण नव्हे. दोष सुधारण्याची शक्ति नसणें म्हणजे मरण. आणि ती शक्ति या जातींत होती याचा दाखला १९६१ ची लिंकन कॉन्टिनेंटल देते. एलवुड एंगल यांनीं आंखलेली ही गाडी आदल्या वर्षीच्या लिंकनहून सव्वा फुटाच्या आसपास आंखूड होती. कल्ले नाहींत, चमचमाट नाहीं. सपाट, स्वच्छ बाजू, आणि मागचीं दारें मागल्या बाजूस बिजागरीं असलेलीं, दिवाणखान्याच्या दुहेरी दारांप्रमाणें उघडणारीं. कंपनीनें तिला दोन वर्षांची वा चोवीस हजार मैलांची हमी दिली. आमच्या मतें अमेरिकन मोटारकलेची ही सर्वांत संयत कृति होय. तिनें सिद्ध केलें कीं, थोरपण लांबींत नसून बेतांत आहे.

दुसरा दाखला अधिक बोलका आहे. तेलाच्या टंचाईनंतर १९७७ सालीं कॅडिलॅकनें आपल्या मुख्य गाड्या सुमारें नऊ इंचांनीं आंखूड व बऱ्याच हलक्या केल्या. इंजिनहि लहान केलें. आंतील जागा मात्र कमी होऊं दिली नाहीं. परिणाम काय झाला? विक्री घटली नाहीं, उलट वाढली. पेट्रोलनें थोरली मोटार मारली असें म्हणणारांनीं या वर्षाचा विचार करावा. ग्राहकास फुटांचें वेड नव्हतें. त्यास पाहिजे होता तो निवांतपणा आणि त्यामागील चोखपणाचा विश्वास. ते दोन्ही मिळाले तोंवर तो आनंदानें लहान गाडी घेत होता.

मग बिघडलें कोठें? येथें पॅकार्डची हकीगत आठवणें अवश्य आहे. १८९९ सालीं जन्मलेली पॅकार्ड ही एके काळीं कॅडिलॅकहूनहि अधिक मानाची गाडी होती. मंदीच्या काळांत, १९३५ सालीं, तिनें हजार डॉलरांच्या आसपास किंमतीची गाडी काढली. त्या गाडीनें कंपनी वांचविली हें खरें. परंतु मानाचें नांव मध्यम किंमतीस मिळूं लागल्यावर मोठ्या पॅकार्डसाठीं चौपट पैसे मोजणारा गिऱ्हाईक हळूहळू कॅडिलॅककडे वळला. १९५४ मध्यें पॅकार्ड व स्टुडबेकर या कंपन्या एक झाल्या, आणि १९५७ सालीं पॅकार्ड म्हणून जी गाडी विकण्यांत आली ती नांवाची पाटी व नक्षी बदललेली स्टुडबेकर होती. दुसऱ्या वर्षीं नांवहि संपलें. तेल स्वस्त होतें, जपानी गाड्या आल्या नव्हत्या, लोकांस मोठ्या गाड्यांचें वेड होतें. तरीहि पॅकार्ड मेली. हा धडा डेट्रॉइटच्या अंगणांतच घडला होता.

पंचवीस वर्षांनीं कॅडिलॅकनें तोच धडा जसाच्या तसा गिरविला. १९८२ च्या वर्षासाठीं आलेली सिमॅरॉन म्हणजे शेव्हरोले कॅव्हेलियर ही शिडीच्या पहिल्या पायरीवरची, चार सिलिंडरांची लहान गाडी. तिच्यावर कातड्याचीं आसनें व कॅडिलॅकचें मानचिन्ह चढविलेलें. शिडीचा तळ आणि माथा एकच आहेत असें एकदां कारखानदारानेंच जाहीर केल्यावर शिडी चढावयाची कोणीं? ती १९८८ मध्यें बंद झाली, परंतु व्हावयाची ती हानि होऊन गेली होती. त्याच सुमारास चोखपणाचाहि वारसा गहाण पडला. १९८१ सालीं गरजेप्रमाणें आठ, सहा वा चार सिलिंडरांवर चालणारें इंजिन आणलें. कल्पना उत्तम होती, पण तें नियंत्रित करणारें यंत्र तेवढें परिपक्व नव्हतें, आणि नेहमींच्या गाड्यांतून तें एका वर्षांत काढून घ्यावें लागलें. १९८५ सालीं मुख्य कॅडिलॅक आणखी दोन फुटांहून अधिक आंखूड झाली. यावेळीं गाडी लहान झाल्याचें कोणास दुःख नव्हतें. दुःख हें कीं, ती त्याच कंपनीच्या ब्यूइक व ओल्ड्समोबीलपासून ओळखूं येईना. लिंकननें लगेच एक जाहिरात काढली, तींत मालकांस आपली गाडी कोणती हेंच कळत नाहीं. स्पर्धकाची ती थट्टा होती, पण टीका म्हणून ती अचूक होती.

आतां परदेशी स्पर्धेविषयीं. १९८९ सालीं टोयोटानें लेक्सस एलएस-४०० ही मोठी सेडान अमेरिकेंत आणली व ती हां हां म्हणतां लोकप्रिय झाली. तिचे गुण कोणते? शांतता, मऊपणा, श्रमरहित प्रवास, आणि प्रत्येक सांध्यांतला नेमकेपणा. वाचकांस हे गुण ओळखीचे वाटतील. जपान्यांनीं अमेरिकेस नवी अभिरुचि शिकविली नाहीं. अमेरिकेनें टाकून दिलेलें लेलँडचें व्रत त्यांनीं उचलून घेतलें. निवांतपणाची आवड जुनी झाली असती तर लेक्सस विकली गेली नसती. आवड जिवंत होती. ती पुरविणारा घरचा माणूस तेवढा उठून गेला होता.

तो गेला कोठें? तो जर्मनांच्या मागें गेला. २००३ च्या सीटीएसपासून कॅडिलॅकनें वळणांवर चपळ, कणखर, धारदार अशा गाड्या बांधण्याचा ध्यास घेतला. त्या गाड्या वाईट नव्हत्या. जाणकारांनीं कित्येकांची मुक्तकंठानें स्तुति केली. परंतु ज्यास जर्मन गाडीचे गुण पाहिजेत तो जर्मन गाडीच घेतो, आणि ज्यास कॅडिलॅकचे गुण पाहिजे होते त्यास आतां ते तेथें मिळेनात. उत्तम अनुवादहि मूळ ग्रंथाची जागा घेऊं शकत नाहीं, तशांतला हा प्रकार. दुसरीकडे लिंकननें टाऊन कारच्या रूपानें जुना धर्म सांभाळला, पण आळसानें. तिचा सांगाडा १९७९ सालच्या फोर्ड गाड्यांबरोबर आलेला. त्यावरच थोडेंफार पालटून २०११ पर्यंत काम भागविण्यांत आलें. शेवटीं शेवटीं ती विमानतळावर प्रवासी नेणाऱ्या भाड्याच्या गाड्यांतच अधिक दिसूं लागली. एकानें धर्म सोडला, दुसऱ्यानें तो पाळला पण त्यांत प्राण ओतला नाहीं. फळ दोघांस सारखेंच मिळालें.

या कथेचा सर्वांत विपरीत भाग कायद्याचा आहे. पेट्रोल वांचावें म्हणून १९७५ सालीं अमेरिकेनें मोटारींच्या सरासरी खपावर मर्यादा घातली. १९९० नंतरच्या दशकांत प्रवासी मोटारींस गॅलनला २७.५ मैलांचा दंडक होता. परंतु हलक्या ट्रकांस, ते शेतकऱ्याच्या व कारागिराच्या उपयोगाचे म्हणून, केवळ २०.७ मैलांचा. कारखानदारांनीं यांतून वाट काढली. ट्रकाच्या सांगाड्यावर आरामशीर खोली बांधली, कातडें मढविलें, आणि तिला लिंकन नॅव्हिगेटर व कॅडिलॅक एस्कलेड अशीं नांवें दिलीं. टेक्सासमधील आर्लिंग्टनच्या कारखान्यांत मागच्या चाकांवर चालणारी मोठी कॅडिलॅक, फ्लीटवुड, तयार होत असे. १९९६ सालीं ती थांबली व कारखाना ट्रकांसाठीं बदलण्यांत आला; पुढें त्याच छपराखालीं एस्कलेड बनूं लागली. म्हणजे काटकसरीच्या कायद्यानें थोरली सेडान गेली, आणि तिच्याहून जड व उंच वाहन तिच्या जागीं येऊन बसलें. अमेरिकन माणूस साधेपणाकडे वळला म्हणून ही मोटार अस्तास गेली, असें ज्यांस वाटतें त्यांनीं त्या देशाच्या रस्त्यांकडे एकवार पाहावें.

मग गमावलें काय? आमच्या मतें एक प्रकारचें सौजन्य गमावलें. थोरल्या मोटारीची ऐट आडवी होती. ती रस्त्यावर लांब पसरे, पण शेजारच्या गाडींतील माणसाच्या नजरेस नजर देऊन चाले. तिच्या सलग बांकावर तीन माणसें पुढें व तीन मागें बसत. आजी, नातवंडें व आईबाप एकत्र प्रवास करीत. आजच्या उंच वाहनाची ऐट उभी आहे. तें दुसऱ्याच्या डोक्यावरून पाहतें, आणि त्याच्या पुढच्या भिंतीआड चालणारें लहान मूल दिसत नाहीं. एकांत संपन्नतेचा आनंद होता; दुसऱ्यांत आपण सुरक्षित राहावें, इतरांनीं आपली काळजी आपण घ्यावी, ही वृत्ति आहे.

शिडीचेंहि तेंच झालें. २०२२ सालीं कॅडिलॅकनें सेलेस्टिक ही विजेवर चालणारी, हातानें बांधली जाणारी मोठी गाडी जाहीर केली. तिची किंमत तीन लाख डॉलरांहून अधिक. कारागिरीच्या दृष्टीनें ती प्रशंसनीय असेल. परंतु पाँटिअॅक आणि ओल्ड्समोबील या मधल्या पायऱ्या आतां अस्तित्वांत नाहींत, आणि माथ्यावरची पायरी कारकुनाच्या, शिक्षकाच्या वा दुकानदाराच्या डोळ्यांनाहि दिसत नाहीं. जुन्या कॅडिलॅकची थोरवी ती कांहींजणांपाशीं होती यांत नव्हती. ती आपणांसहि केव्हां तरी मिळेल असें पुष्कळांस वाटे, यांत होती. ही आशा ज्यांनीं विकावयास घेतली त्यांच्यावर ती खरी करून दाखविण्याची जबाबदारी होती. ती त्यांनीं टाळली, आणि मग नुसतें नांव किती दिवस चालणार?